‘लोपामुद्रा’ हे नाव ठेवावे का?

प्रश्न : आमच्या घरी पहिली मुलगी झाली आहे. गुरुजींनी भरणी नक्षत्र, चौथे चरण आणि ‘लो’ हे अक्षर सांगितले. त्या अक्षरावरून नावे शोधताना माझ्या यजमानांना ‘लोपामुद्रा’ हे नाव सापडले आणि आम्हा दोघांनाही ते फार आवडले. सासूबाईंना मात्र ते मान्य नाही. ज्या शब्दाचा अर्थच नाहीसे होणे असा आहे, तो घरातल्या पहिल्या नातीच्या नावात कशाला, असे त्या म्हणतात. नणंदेच्या मते नाव जुनाट आणि लांबलचक आहे, शाळेत मुले चिडवतील आणि पुढे परदेशी गेल्यास कोणाला उच्चारताही येणार नाही. इंटरनेटवर पाहिले तर प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ दिलेला आहे. या नावाचे मूळ काय, खरा अर्थ काय आणि आजच्या काळात हे नाव ठेवणे योग्य ठरेल का? बारसे सव्वा महिन्याने करायचे ठरले आहे.

उत्तर : तुमच्या सासूबाईंची शंका मला मुळीच वावगी वाटत नाही. मराठीत ‘लोप पावणे’ म्हणजे दिसेनासे होणे, आणि आजी झालेल्या बाईच्या कानाला ते खटकणारच. म्हणून आधी त्या एका अक्षरगटाचा निकाल लावू.

नाव ‘लोपमुद्रा’ असे असते, तर ‘लोप’ आणि ‘मुद्रा’ एवढी सरळ फोड करून मोकळे होता आले असते. पण ऋग्वेदापासून आजपर्यंत नाव ‘लोपामुद्रा’ असेच आहे, ‘पा’ला काना आहे, आणि त्या एका कान्याने जुन्या टीकाकारांना बरेच कामाला लावले आहे. त्यांनी ‘लोपा’ हे स्वतंत्र स्त्रीलिंगी विशेषण मानले आणि इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान जी लोपवते ती लोपा, असा अर्थ लावला. दुसरी फोड तिच्या जन्मकथेवर बेतलेली आहे : निरनिराळ्या प्राण्यांचे जे सर्वांत सुंदर अंग होते ते एकेक घेऊन अगस्त्य ऋषींनी तिला घडवले, तिच्यापुढे त्या सगळ्यांच्या सौंदर्याची मुद्रा, म्हणजे छाप, फिकी पडली, म्हणून ती लोपामुद्रा. या दोन्ही फोडींत एक गोष्ट समान आहे, ती सासूबाईंना अवश्य सांगा. लोप पावते ते दुसऱ्यांचे तेज आणि दुसऱ्यांचा गर्व. नाव धारण करणारी लोप पावत नाही. शिवाय संस्कृत व्याकरणात ‘लोप’ म्हणजे नाश नव्हेच. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ अशी त्याची व्याख्या केली आहे : जे आहे पण दिसत नाही, त्याला लोप म्हणावे.

हे सांगून झाल्यावर माझे मतही स्पष्ट सांगते. या सगळ्या फोडी नाव प्रसिद्ध झाल्यानंतर, ते समजून घेण्यासाठी केलेल्या आहेत. इतक्या जुन्या नावांची व्युत्पत्ती पुष्कळदा अशी मागाहून बसवलेली असते, आणि तिच्यावर शुभाशुभाचा डोलारा उभारण्यात अर्थ नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने तर फोड करण्याच्या भानगडीत न पडता एका ओळीत ओळख करून दिली आहे : ‘मैत्रावरुणिरस्यैव लोपामुद्रा सधर्मिणी’, म्हणजे मैत्रावरुणि, अर्थात मित्र आणि वरुण यांचा पुत्र, अगस्त्य याची सहधर्मचारिणी ती लोपामुद्रा. तुम्ही इंटरनेटवर जे वेगवेगळे अर्थ पाहिलेत, त्यांतील ‘विदुषी’, ‘ज्ञानी स्त्री’, ‘अगस्त्यांची पत्नी’ हे नावाचे अर्थ नव्हेतच. ती नाव धारण करणाऱ्या स्त्रीची वर्णने आहेत आणि यादी करणाऱ्यांनी ती अर्थाच्या रकान्यात भरली आहेत. सीता या शब्दाचा अर्थ नांगराने पडलेली रेघ असा आहे, पण सीता नाव ठेवताना कोणी शेतातल्या रेघेचा विचार करत नाही. लोपामुद्रेच्या बाबतीतही प्रश्न असाच विचारायला हवा की, ती बाई कोण होती आणि तिचे नाव आपल्या मुलीला द्यावेसे वाटावे असे तिच्यात काय आहे.

तिची सविस्तर कथा महाभारताच्या वनपर्वात येते, आणि ती मराठी माणसाला जवळची वाटावी अशी आहे, कारण ती विदर्भाच्या राजाची कन्या आहे. अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसले. वंश खुंटल्यामुळे आमची ही दशा झाली आहे, असे पितरांनी सांगितल्यावर अगस्त्यांनी विवाहाचा निश्चय केला, पण मनाजोगी वधू मिळेना. तेव्हा त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे एक कन्या निर्माण केली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी तिचा जन्म घडवला. तिचे नाव लोपामुद्रा ठेवले ते राजाकडच्या ब्राह्मणांनी. मुलगी उपवर झाल्यावर ऋषी मागणी घालायला आले, आणि राजाची पंचाईत झाली. रानावनात राहणाऱ्या तपस्व्याला मुलगी द्यावीशी वाटेना आणि नाही म्हणावे तर शापाची भीती. राजाराणी दोघेही गप्प बसली असता लोपामुद्राच पुढे झाली आणि माझ्यासाठी दुःख करू नका, मला ऋषींना द्या, असे तिने बापाला सांगितले. तिने उंची वस्त्रे आणि अलंकार उतरवले, वल्कले नेसली आणि गंगाद्वारी, म्हणजे आजच्या हरिद्वारला, पतीबरोबर कठोर तप केले.

इथपर्यंतची लोपामुद्रा आपल्याला ओळखीची वाटते, कारण पतिव्रतेची पुष्कळ आख्याने याच ठिकाणी थांबतात. महाभारतातील कथा मात्र इथून रंगते. बऱ्याच काळानंतर ऋषींना अपत्याची इच्छा झाली आणि त्यांनी तिला जवळ बोलावले, तेव्हा ती हात जोडून, लाजत, पण अगदी स्पष्ट बोलली. माझ्या माहेरी जशी शय्या होती तशी इथे असावी, तुम्ही माला आणि भूषणे घालावीत, मीही अलंकार ल्यावेत, या जीर्ण काषायवस्त्रांत मी जवळ येणार नाही. माझ्याकडे तुझ्या बापासारखे धन कुठले, असे ऋषी म्हणाले, तेव्हा तुमच्या तपाच्या बळावर तुम्ही क्षणात सारे आणू शकता, हे तिने सुनावले. त्याने तप खर्ची पडेल, असे ऋषींनी म्हटल्यावर तिने तेही मान्य केले : तप खर्चू नका, धर्म मोडू नका, आणि तरीही माझी इच्छा पुरी करा. मागणी करणे, तिची मर्यादा स्वतःच आखणे आणि त्या मर्यादेत राहून हट्ट न सोडणे, हे तिन्ही तिला साधले आहे. एवढे चोख बोलणे पुराणातल्या फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आले आहे.

मग अगस्त्य धन मागायला निघाले. श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांकडे ते गेले; तिघांनीही आपला जमाखर्च त्यांच्यापुढे मांडला, आणि तिन्ही ठिकाणी जमा आणि खर्च समसमान निघाले. इथून काही घेतले तर प्रजेला त्रास होईल, म्हणून ऋषींनी तिघांकडूनही एक कवडी घेतली नाही. (जमाखर्चाची वही तपासून मगच दान नाकारणारा याचक आपल्या वाङ्मयात दुसरा दाखवता येईल का, याचा मी बराच विचार केला आहे.) शेवटी ते तिन्ही राजांसह इल्वल नावाच्या धनाढ्य असुराकडे गेले. इल्वल आपला भाऊ वातापी याला मेंढा बनवून, शिजवून ब्राह्मणांना वाढत असे आणि मग हाक मारून त्यांचे पोट फाडून त्याला बाहेर काढत असे. अगस्त्यांनी मात्र वातापीला पचवून टाकले. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत ‘आतापी भक्षितो येन वातापी च महाबलः’ म्हणणारी वडीलधारी माणसे तुमच्या सासूबाईंनी लहानपणी नक्कीच पाहिली असतील. ज्या नावाला त्या अपरिचित समजत आहेत, त्याच नावाच्या बाईच्या मागणीमुळे ही कथा घडली, हे त्यांना कळले तर नाव थोडे घरचे वाटू लागेल. धन मिळाल्यावर ऋषींनी विचारले की, तुला हजार पुत्र हवेत, शंभर हवेत, दहा हवेत, की हजारांच्या तोडीचा एकच हवा? तिने एकच मागितला. त्या मुलाचे नाव दृढस्यू. लहानपणापासून बापासाठी समिधांचे भारे वाहून आणायचा म्हणून त्याला इध्मवाह असेही म्हणत.

पण या कथेपेक्षाही जुनी लोपामुद्रा ऋग्वेदात आहे, आणि तिच्याविषयी तुम्ही दोघांनी नाव पक्के करण्याआधी वाचून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या मंडलातील १७९ वे सूक्त सहा ऋचांचे आहे. परंपरेनुसार पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन शिष्याच्या आहेत. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा दोषा वस्तोरुषसो जरयन्तीः’ अशी तिची सुरुवात आहे : कित्येक वर्षे मी रात्रंदिवस कष्टत आले आहे, एकेक उषा मला म्हातारपणाकडे नेत आहे. जरा देहाची शोभा घालवते, म्हणून पतींनी आता पत्नींकडे यावे, असे ती म्हणते. पूर्वीचे सत्यनिष्ठ ऋषीही तपाचा शेवट गाठू शकले नाहीत, हा तिचा पुढचा युक्तिवाद. अगस्त्य उत्तर देतात की, देव ज्यांचे रक्षण करतात त्यांचे श्रम वाया जात नाहीत, आपण दोघे मिळून ही शर्यत जिंकू. आणि शेवटच्या ऋचेत खनित्राने खणणाऱ्या, प्रजा, अपत्य आणि बळ इच्छिणाऱ्या अगस्त्यांनी दोन्ही गोष्टींचे पोषण केले, असा समारोप आहे. सूक्ताची देवता रती मानली आहे.

हे सूक्त शृंगाराचे आहे, हे लपवण्यात काही हशील नाही. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की स्वतःचे नाव शोधून पाहणार, आणि पहिल्या पाच मिनिटांत या सूक्तापर्यंत पोहोचणार. तेव्हा आईबापांनी कानकोंडे होऊन विषय बदलला, तर तिला आपले नाव ही लाजण्याची गोष्ट वाटेल. याउलट, संसार दोघांचा आहे, त्यात बाईलाही इच्छा असतात आणि त्या तिने शब्दांत मांडाव्यात, हे वेदातल्या एका स्त्रीने सांगून ठेवले आहे, असे तुम्ही तिला सहजपणे सांगू शकलात, तर असे नाव लाभणे हे भाग्यच. तुम्हा दोघांना हे सांगता येईल का, याचा विचार मला अर्थाच्या चिकित्सेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘पहिली स्त्री-ऋषी’, ‘वेदांची रचनाकार’ अशी विशेषणे मात्र तिला लावू नका. बृहद्देवता या ऋग्वेदातील देवतांविषयीच्या प्राचीन ग्रंथात ऋग्वेदातील ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्र ज्यांच्या नावे आहेत अशा स्त्रियांची, नावे दिली आहेत. त्यांत घोषा, विश्ववारा, अपाला यांच्याबरोबर लोपामुद्राही आहे, आणि एवढा मान पुरेसा आहे.

शुभत्वाबद्दल अजूनही कोणाच्या मनात किंतु असेल, तर परंपरेने हे नाव कुठे कुठे घेतले आहे ते पाहावे. रामायणाच्या सुंदरकांडात सीता आपली रामावरील निष्ठा सांगताना शची, अरुंधती, रोहिणी यांच्या ओळीत अगस्त्यांच्या लोपामुद्रेचे उदाहरण देते. ललितासहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती, असे आहे. श्रीविद्येच्या, म्हणजे याच देवीच्या मंत्रोपासनेत, ‘ह’ अक्षराने सुरू होणाऱ्या मंत्राची, म्हणजे हादिविद्येची, परंपरा लोपामुद्रेकडून आल्याचे मानतात. कर्नाटकात कोडगू भागात तर कावेरी नदी म्हणजे लोपामुद्राच, अशी श्रद्धा आहे आणि तुला संक्रमणाला तळकावेरीला मोठी यात्रा भरते. तुमच्या घरी सहस्रनामाचा पाठ होत असेल, तर सासूबाईंनी हे नाव अजाणता कित्येकदा उच्चारलेही असेल. अशुभ शब्द देवीच्या नावात कोणी गुंफत नाही, एवढाच मुद्दा शांतपणे मांडा, आणि तो वादात जिंकल्याच्या सुरात मांडू नका.

आता प्रचाराबद्दल. मुलांना कोणती नावे किती वेळा ठेवली गेली याची वार्षिक आकडेवारी अमेरिकेसारख्या काही देशांत सरकार प्रसिद्ध करते. आपल्याकडे तशी क्रमवारी निघत नाही, त्यामुळे ‘भारतात इतक्या मुलींचे हे नाव आहे’ असे छातीठोक आकडे कुठे दिसले तर त्यांवर विसंबू नका. एवढे मात्र निश्चित सांगता येते की, बंगाल आणि ओडिशात हे नाव मुळीच नवखे नाही. लांब तत्सम नावे ठेवण्याची आणि घरात छोट्या नावाने हाक मारण्याची तिकडे जुनी रीत आहे, आणि बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते नाव घरोघरी पोहोचलेलेही आहे. महाराष्ट्रात ते विरळ आहे, पण अगदीच ऐकिवात नाही असेही नाही. नागपूरची लोपामुद्रा राऊत ‘बिग बॉस’च्या दहाव्या हंगामात दिसली, तेव्हा पुष्कळ मराठी घरांत हे नाव प्रथमच मोठ्याने उच्चारले गेले असेल.

विदर्भाची राजकन्या असूनही मराठी मुलखात हे नाव का रुजले नाही, हा प्रश्न मला अधिक रोचक वाटतो. विदर्भाच्याच रुक्मिणी आणि दमयंती मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या नांदल्या. रुक्मिणी पंढरीला विठोबाशेजारी उभी आहे आणि एकनाथांनी तिचे स्वयंवर मराठीत गायिले. दमयंतीला रघुनाथ पंडितांचे आख्यान लाभले. लोपामुद्रेचे असे आख्यान मराठीत घरोघरी गेले नाही, कीर्तनकारांनी तिला फारसे रंगवले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले येथे प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, त्यांच्या नावाची यात्रा आहे, ‘अगस्ती’ हे नाव त्या परिसरात संस्थांपासून दुकानांपर्यंत दिसते. पण तिचे नाव तेवढे पुढे आले नाही. थोडक्यात, हे नाव मराठीत कमी आहे ते अशुभ मानले गेले म्हणून कमी नाही. ते कानावर पडले नाही, म्हणून ठेवले गेले नाही.

नणंदेच्या आक्षेपांपैकी लांबीचा आक्षेप मला पटत नाही. लो-पा-मुद्-रा अशी चारच उच्चारखंडांची ही बेरीज आहे. दमयंती, सत्यभामा, ज्ञानेश्वरी हीसुद्धा तेवढीच आहेत. सध्या दोन अक्षरी नावांची चलती असल्याने ते लांब भासते, इतकेच. परदेशाचा मुद्दा तर उलटा पडतो. ज्ञानेश्वरी हे नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि परक्या माणसाला त्यातली एकही वाचता येत नाही. लोपामुद्रा हे नऊ रोमन अक्षरांत, दिसते तसे वाचावे असे लिहिता येते आणि त्याचे दुसरे स्पेलिंग सहसा कोणाला सुचत नाही. चिडवण्याबद्दल मात्र मी खोटी हमी देणार नाही. ‘लोपा’वरून ‘लपाछपी’ आणि ‘मुद्रा’वरून ‘मुद्रा लोन’ एवढे विनोद वर्गात होणारच. असे विनोद साध्यासुध्या नावांवरही होतात, आणि ज्या मुलीला आपल्या नावाची गोष्ट सांगता येते ती सहसा त्यांना पुरून उरते. तिला मेंढ्याची आणि इल्वलाची गोष्ट लवकर सांगा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना राक्षस पचवण्याची गोष्ट बेहद्द आवडते.

घरात हाक मारायला ‘लोपा’ हे नाव गोड आहे, पण तुमच्या घरात वादाचे मूळ नेमके तेच असल्याने सासूबाईंनी ‘मुद्रा’ म्हणावे हे अधिक बरे. मुद्रा हे स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात आणि त्याला कोणाचीच हरकत नसते. आजीने एका नावाने हाक मारावी आणि बाकीच्यांनी दुसऱ्या, यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र आजीला बरे वाटावे म्हणून कागदोपत्री ‘मुद्रा’ आणि बारशाला ‘लोपामुद्रा’ असा घोळ करू नका; दाखल्यावर एक आणि तोंडी एक अशी दोन नावे असली की शाळेपासूनच स्पष्टीकरणे देत बसावे लागते. विभक्तीचा प्रत्यय लावताना जुन्या वळणाने ‘लोपामुद्रेला, लोपामुद्रेची’ असे होईल, आजच्या बोलण्यात ‘लोपामुद्राला, लोपामुद्राची’ असेही म्हणतील, दोन्ही चालेल.

नक्षत्राच्या अक्षराचे म्हणाल, तर गुरुजींनी सांगितले ते बरोबर आहे. भरणीची अक्षरे ली, लू, ले, लो अशी आहेत आणि चौथ्या चरणाला ‘लो’ येते. ‘लो’वरून सुरू होणारी नावे मुळात थोडी. लोचना, लोहिता अशी दोन-चार सोडली तर पुढे ओढूनताणून घडवलेली, अर्थहीन नावे येतात, आणि त्यांच्यापेक्षा हे नाव कितीतरी वजनदार आहे. सासूबाईंचा अक्षराचा आग्रह असेल तर हा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे. आग्रह नसेल, आणि सगळे ऐकूनही त्यांचे मन वळत नसेल, तर नक्षत्रनाम आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची मुभा आपल्याकडे पूर्वापार आहे. वेदातलेच पण निर्विवाद नाव हवे असेल, तर विश्ववारा किंवा घोषा यांचा विचार होऊ शकतो. अपाला मी सुचवणार नाही, कारण तिच्या कथेत त्वचारोग आणि पतीने टाकणे आहे, आणि तुम्ही एका वादातून निघून दुसऱ्यात पडाल. माझा स्वतःचा कौल लोपामुद्रेलाच आहे.

बारशात नाव बाळाच्या कानात सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे तुमच्या नणंदेचाच आहे, ही गोष्ट विसरू नका. आयत्या वेळी तिच्या तोंडी न आवडणारे नाव देण्यापेक्षा आधी एक दिवस तिला बोलावून कथा तिलाच वाचायला द्या आणि बारशाला जमलेल्यांना ती तिनेच सांगावी असे सुचवा. ज्याच्यावर गोष्ट सांगण्याची जबाबदारी पडते, तो सहसा त्या नावाचा कैवारी होतो. सासूबाईंशी बोलण्याचे काम तुम्ही अंगावर घेऊ नका; ते तुमच्या यजमानांनी करावे. आईची समजूत मुलाने काढली तर ती समजूत राहते, सुनेने काढली की तो वाद ठरतो.

घाई करण्याचे कायदेशीर कारणही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार ती बाळाच्या नावाशिवाय करता येते आणि नाव नंतर घालता येते. पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. मात्र एकदा घातलेले नाव बदलणे किचकट असते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या शाळा प्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे घरातले एकमत झाल्यावरच अर्ज द्यावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लिहायचा आहे; तुमचे आणि यजमानांचे नावही लांब असेल तर पूर्ण नाव एकदा कागदावर लिहून, मोठ्याने वाचून पाहा. आणि दाखला हातात पडला की खिडकीपाशी उभ्यानेच देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही ओळी तपासून घ्या. ‘लोपमुद्रा’ असे चुकीचे लिहिण्याची सवय फार जणांना आहे. ‘पा’चा काना राहून गेला असेल तर तिथल्या तिथे दाखवून द्या, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतील.